सिलिॲकचं निदान झालंय, आता स्वयंपाकघराचं काय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी सिलिॲकचं, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्याआधीची दोन वर्षं जंताची औषधं, लोहाची सिरपं आणि "हिच्या अंगाला काही लागतच नाही" हे ऐकण्यात गेली. निदान झालं त्या दिवशी घरातली पोळी बंद केली, आणि तरीही सहा महिने तिचं पोट दुखतच राहिलं. कारण गहू हिंगाच्या डबीत होता, गिरणीत होता, मेतकुटात होता. ते एकेक करून सापडायला दीड वर्ष लागलं. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. तपासण्या आणि औषधांचा निर्णय पोटविकारतज्ज्ञांचा. ओट्यापाशी काय करायचं ते मात्र मी अनुभवाने सांगते.

सिलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जीच ना?

नाही. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. कणीक भिजवल्यावर ती ताणली जाते, पोळी फुगते, पाव हलका होतो, हे सगळं त्यांच्यामुळे. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं, की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम ती करते. ती लव झिजत जाते आणि आतडं सपाट होतं. मग कितीही चांगलं खाल्लं तरी अंगी लागत नाही.

गव्हाची ॲलर्जी वेगळी. तिच्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास लागतो. तिसराही एक प्रकार आहे. त्यात रक्ततपासणी आणि आतडं दोन्ही ठीक असतं, पण गहू खाल्ला की पोट बिघडतं. तिन्हींत "गहू बंद" हे ऐकायला सारखंच वाटतं, पण सिलिॲकमध्ये पथ्य जन्मभराचं आणि काटेकोर असतं, म्हणून नेमकं काय आहे ते ठरवून घ्यायलाच हवं.

गव्हामुळे हे होतं, हे कळलं कसं?

नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांमुळे. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिथे भीषण अन्नटंचाई झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव मिळेनासा झाला आणि डिके यांच्या देखरेखीखालची सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हाचा संशय त्यांना युद्धाआधीपासून होता. पुढे १९५०मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधीची कितीतरी दशकं या मुलांचं काय करावं हेच डॉक्टरांना कळत नव्हतं. नातेवाइकांनी "ही नवीन काळाची फॅडं" म्हटलं की मी त्यांना ही गोष्ट सांगते.

हा आजार आपल्याकडे असतो का? आमच्या ओळखीत तर कोणालाच नाही.

असतो. उत्तर भारतात, जिथे रोजचं जेवण गव्हाचं, तिथे पाहणीत साधारण शंभर माणसांमागे एकाला तो आढळला आहे. दक्षिणेत तो फारच कमी दिसतो. महाराष्ट्र ताटाच्या बाबतीत मधोमध आहे. कोकणात भात, सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, आणि गेल्या दोन पिढ्यांत सगळीकडेच पोळी. आजोबांच्या ताटात भाकरी होती आणि नातवाच्या डब्यात पोळी, बिस्किटं, नूडल्स आहेत. बहुतेक रुग्णांचं निदानच झालेलं नसतं, म्हणून ओळखीत कोणी दिसत नाही.

कुठल्या लक्षणांवरून संशय घ्यावा?

लहान मुलांत: सततचे जुलाब, फुगलेलं पोट आणि काटक्या हातपाय, न वाढणारी उंची, चिडचिड. मोठ्यांत जुलाब नसतीलही. गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, वारंवार येणारं तोंड, ठिसूळ झालेली हाडं, कारण न सापडणारं वंध्यत्व, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड, यांच्या मागेही सिलिॲक असू शकतो. बायकांच्या बाबतीत "अशक्तपणा आहे, पाळीमुळे असेल" म्हणून विषय मिटवला जातो. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही काही महिन्यांत फरक पडला नाही, तर सिलिॲकची तपासणी करू का, असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

तपासणीआधी महिनाभर गहू बंद करून बघू का?

कृपा करून तसं करू नका. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. पहिली तपासणी रक्ताची असते: टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी), आणि जोडीला एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) किती आहे ते. ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी खोटा दिलासा देते. त्यानंतर बहुतेक वेळा एन्डोस्कोपी करून आतड्याचे बारीक तुकडे तपासतात. काही मुलांत रक्तातलं प्रमाण खूपच जास्त असेल तर बायोप्सीशिवायही निदान करता येतं. ते डॉक्टर ठरवतात. या सगळ्या तपासण्या गहू खात असतानाच खरं बोलतात. गहू बंद केला की रक्तातलं प्रमाण उतरू लागतं, लव भरू लागते आणि अहवाल "ठीक" येतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि बरं वाटू लागलेल्या मुलाला तो परत भरवणं फार जिवावर येतं.

जनुकांचीही एक तपासणी असते. ती नकारार्थी आली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच, असं म्हणता येतं. होकारार्थी आली म्हणजे आजार आहे, असं मात्र नाही. ती जनुकं निरोगी माणसांतही भरपूर सापडतात.

"एवढ्याशाने काय होतंय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. आत्याने, शेजारच्या काकूंनी, माझ्या स्वतःच्या आईनेसुद्धा. विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पोरगी सगळ्यांत बसून एकटीच वेगळं खाते, हे त्यांना बघवत नाही. म्हणून चिडून उत्तर देण्यापेक्षा मी हिशेब सांगते.

एका मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं, तर काही महिन्यांत आतड्याला इजा होते, हे दिसून आलंय. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा ही सोसण्याची मर्यादा, आणि पन्नास-साठ तुकडे केले तर त्यातला एक तुकडा रोज, ही नुकसानीची. ताटाच्या कडेला पडलेला पोळीचा चुरा एवढा असतो.

आणखी एक. खाल्ल्यावर त्रास झाला नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असं नसतं. माझ्या मुलीला कधी तासाभरात उलटी होते, कधी काहीच जाणवत नाही. दोन्ही वेळा आतडं दुखावलं जातं. हे सांगितल्यावर माझ्या आईने जे केलं ते मला फार आवडलं. तिने मुलीसाठी वेगळा लाल झाकणाचा डबा आणला आणि त्यात तांदळाच्या पिठाचे लाडू करून ठेवू लागली. आजीकडे गेलं की मुलगी आधी तो डबा उघडते. नाही म्हणायची वेळच येत नाही.

मग खायचं काय?

पुष्कळ. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राळे, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, मटण, तेल-तूप, गूळ, दाणे. यांतल्या कशातही मुळात ग्लुटेन नाही. आंबोळी, घावन, तांदळाची उकड, धिरडी, इडली, पिठलं-भाकरी, वरणभात, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ (भाजणी घरची, गव्हाशिवायची) हे सगळं आपलंच आहे.

निदान झाल्या झाल्या घरची माणसं दुकानात जाऊन महागडा ग्लुटेन-फ्री पाव, पास्ता, बिस्किटं घेऊन येतात. आम्हीही आणली. ती कधीमधी ठीक. पण त्यांत मैद्याच्या जागी बहुतेक तांदळाचं किंवा टॅपिओकाचं पीठ, साखर आणि चरबी असते. चोथा आणि लोह कमी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि पोटाला धरणारी आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सिलिॲकमध्ये हाडं आधीच कमजोर झालेली असतात, त्यामुळे नाचणीची भाकरी, आंबील, सत्त्व यांना मी रोजच्या ताटात जागा दिली आहे.

हिंगात गहू कसा असेल?

असतो, आणि मराठी घरात ही सगळ्यात मोठी फसगत आहे. मूळ हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो बहुतेक इराण-अफगाणिस्तानकडून येतो आणि इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. आम्ही सहा महिने पोळी बंद करून रोजच्या आमटीच्या फोडणीत चिमूटभर गहूच घालत होतो.

खडा हिंग आहे म्हणजे शुद्ध आहे, असंही समजू नका. खडेही पीठ घालून बांधलेले असतात. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. तसं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. मिळाला नाही तर लसूण, जिरं, ओवा यांची फोडणी द्या. एकदा हिंगाचं कळलं की पुढची यादी आपोआप उलगडते: गोडा मसाला, लोणचं, उडदाचे पापड, शेव, फरसाण, सांबार मसाला. सगळीकडे हिंग आहे. विकतच्या प्रत्येक पाकिटावर तो कशात बांधलाय ते शोधावं लागतं. मी गोडा मसाला आणि लोणचं घरीच करते.

ज्वारीचं पीठ गिरणीतून आणलं तर चालेल का?

गिरणीत गहू दळला, त्याच जात्यावर ज्वारी टाकली, तर पहिलं पीठ उतरेल ते मिश्र असणार. बऱ्याच गिरण्यांत गव्हाचं आणि ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं असतं. तरी हवेत पीठ उडत असतं, डबे-सूप एकच असतात, आणि घाईच्या वेळी दळणारे दादा कुठलंही जातं वापरतात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना हा आजार माहीत असायचं कारण नाही.

आमचा मार्ग असा: अख्खं धान्य आणायचं, ताटात घेऊन निवडायचं (ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, अगदी नेहमी), धुऊन कडक उन्हात वाळवायचं आणि घरघंटीवर दळायचं. ती घरघंटी फक्त याच धान्यांसाठी. जुनी घेऊ नका, तिच्यात गव्हाचं पीठ अडकून राहिलेलं असतं. घरघंटी परवडणारी नसेल, तर दोन-तीन सिलिॲकची कुटुंबं मिळून एक घ्या. तेही जमत नसेल, तर गिरणीवाल्या दादांना आजार समजावून सांगून, ज्वारीच्या जात्यावर, सकाळी गिरणी झाडून झाल्यावर पहिलं दळण आपलं घालायचं आणि सुरुवातीचं शेर-दीड शेर पीठ बाजूला काढायचं. हा पर्याय पूर्ण सुरक्षित नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. बेसनालाही हाच नियम. मी हरभऱ्याची डाळ घरीच दळते.

आणखी कशाकशात गहू लपलेला असतो?

मेतकुटात. पारंपरिक मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर भाजलेले गहू असतात. आजारी मुलाला आपण मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो, त्या मेतकुटातच गहू. थालिपिठाच्या भाजणीत जवळजवळ प्रत्येक घरात मूठभर गहू पडतो. मालवणी वड्यांच्या पिठात काही घरी गहू असतो, काही घरी नसतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण ती दळली कुठे हा प्रश्न उरतोच. कुरडया गव्हाच्याच. शेवया, लापशी, रवा, सोजी, मैदा, दलिया, सगळी गव्हाचीच भावंडं.

सातूचा घोळ वेगळाच आहे. आपण जवालाही सातू म्हणतो, आणि सातूचं पीठ म्हणून घराघरांत करतात ते गहू आणि डाळं भाजून केलेलं असतं. बिहारकडचा सत्तू बहुधा नुसत्या हरभऱ्याचा. म्हणून नावावर न जाता काय काय घातलंय ते विचारायचं. जव माल्टच्या रूपाने येतो: दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, पुष्कळसे कॉर्नफ्लेक्स, चॉकलेटं, बिअर. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे हातगाडीवरचा राइसही चालत नाही.

खपली गहू जुना, देशी आहे. तो चालतो म्हणतात.

चालत नाही. खपली हा गव्हाचाच प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सांगली-साताऱ्याकडे तो पिकतो, पुरणपोळीला सुरेख लागतो, आणि हल्ली "पचायला हलका", "कमी ग्लुटेनचा" म्हणून विकतात. सिलिॲक असलेल्याला "कमी" पुरत नाही. सेंद्रिय गहू, मोड आलेला गहू, आंबवलेल्या पिठाचा पाव, गव्हाचा चीक, यांपैकी काहीच चालत नाही. गव्हांकुराचा रससुद्धा टाळाच. दाण्याचा अंश त्यात येऊ शकतो.

ओट्स?

साधे बाजारी ओट्स नाहीत. शेतात, गोदामात, कारखान्यात त्यांत गहू-जव मिसळलेले असतात. खास ग्लुटेन-फ्री ओट्स बहुतेकांना सोसतात, काहींना नाही. पहिलं वर्ष थांबा, रक्ततपासणी सुधारली की डॉक्टरांना विचारून सुरू करा. नाही खाल्ले तरी आपल्या ताटात काही कमी पडत नाही.

घरात बाकीचे पोळी खातात. भांडी वेगळी हवीत का?

सगळी नाहीत. स्टीलची, काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात. वेगळं हवं ते असं: पोळपाट-लाटणं, तवा, पिठाची चाळणी, लाकडी चमचे, टोस्टर. चाळणी लोक विसरतात. तिच्या जाळीत कणीक बसते ती कितीही धुतली तरी निघत नाही.

पोळ्या लाटताना पिठी उडते आणि शेजारच्या उघड्या भाजीवर बसते. म्हणून भाकरी आणि मुलीचं जेवण आधी करायचं, झाकून वरच्या फळीवर ठेवायचं, मग कणकेला हात लावायचा. लोणी, जॅम, चटणी यांच्या बरण्यांत पोळीचा हात जातो, म्हणून तिच्या बरण्या वेगळ्या आणि झाकणावर लाल चिकटपट्टी. घरात कोणीही पाहुणा आला तरी लाल चिकटपट्टी कळते.

खरं सांगायचं तर आम्ही तीन वर्षांनी घरातूनच गहू काढला. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनाच भाकरी आवडू लागली होती. प्रत्येक घराला हे जमेल असं नाही, आणि ते न केल्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

मला भाकरी थापताच येत नाही. तुटते.

पीठ जुनं असेल तर त्याची विरी गेलेली असते; ज्वारी-बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळावं. पाणी उकळतं घ्या. पीठ परातीत घेऊन त्यावर आधण ओता, चमच्याने ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग तळहाताच्या टाचेने चांगलं रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचा उंडा मळायचा. थापता येत नसेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटा, कोणी बघत नाही. पोळीसारखी मऊ गुंडाळी डब्यात द्यायची असेल, तर तांदळाच्या पिठाची उकड काढून लाटलेली भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घातलं तर ज्वारीचंही पीठ धरून राहतं.

बाहेर काय खावं?

उपासाचे पदार्थ आधी बघा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी: यांत गहू नाही आणि हिंगही बहुतेक नसतो. लग्नकार्यात उपासाच्या पानाची सोय विचारून घ्या, अनेकदा असते. साबुदाणावडा मात्र समोसे तळलेल्या तेलातला नको.

इडली बऱ्यापैकी सुरक्षित; सांबार हिंगामुळे नाही. डोशाच्या तव्याचं विचारा, कारण त्यावरच रवा डोसाही होतो, आणि काही ठिकाणी पिठातच रवा घालतात. मिसळीवरचं फरसाण, भेळेतली पुरी नको. मालवणला, गोव्याला तळलेली मासळी रव्यात घोळवतात, "तांदळाच्या पिठात, वेगळ्या तव्यावर करून द्याल का?" असं विचारलं तर घरगुती खानावळी आनंदाने करून देतात. सोलकढी आणि भात आहेच. गोव्यातली पोई गव्हाची, सान्नं तांदळाची. पिठलं-भाकरीच्या ढाब्यावर भाकरीचा तवा आणि पोळीचा तवा एकच असतो, हे बघून मग ठरवा.

विचारताना "ग्लुटेन" म्हटलं तर कोणाला कळत नाही. "गहू, मैदा, रवा पोटात गेला तर मुलगी आजारी पडते" असं सांगा. ते सगळ्यांना कळतं.

प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तो घेता येत नाही. आम्ही मुलीला पंचामृत, खिरापत किंवा केळं घ्यायला सांगतो, आणि शिऱ्याला हात जोडून नमस्कार. स्वतःच्या घरी पूजा असली की वरईच्या रव्याचा शिरा करतो. आमच्या गुरुजींनी त्याला लगेच होकार दिला. उकडीचे मोदक तांदळाचे, त्यामुळे गणपतीत मुलगी सगळ्यांच्या पंगतीत तेच खाते. तळणीचे मोदक नाहीत. दिवाळीत चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे घरचे चालतात. तिचं आधी तळायचं, करंज्या-शंकरपाळ्या नंतर. होळीला मी पुरण तांदळाच्या उकडीत भरते. पुरणपोळी नव्हे ती, पण तूप घालून ती दोन खाते.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून कम्युनियनबद्दल विचारणा येते. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे ओस्ती (कम्युनियनला देतात ती पातळ चकती) गव्हाचीच लागते, पूर्ण ग्लुटेनमुक्त ओस्ती ग्राह्य धरत नाहीत. व्हॅटिकनने २०१७च्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केलं. अत्यल्प ग्लुटेनच्या ओस्तीला मात्र परवानगी आहे, आणि नुसत्या द्राक्षारसातूनही कम्युनियन घेता येतं. फादरांशी आधी बोलून ठेवा, आणि द्राक्षारसाचा पेला वेगळा मागा.

शाळेत कसं सांभाळायचं?

वर्गशिक्षिकेला भेटून एका कागदावर लिहून द्या: काय चालतं, काय नाही, चुकून खाल्लं तर काय करायचं. वाढदिवसाच्या केकसाठी शाळेत आपला खाऊचा डबा ठेवा. मळलेल्या रंगीत पिठाचे खेळ गव्हाचे असू शकतात. खेळून झाल्यावर हात धुवायला सांगा. आणि मुलाला स्वतःला सांगायला शिकवा. माझी मुलगी सातव्या वर्षी म्हणायची, "माझ्या पोटातली लव दुखते." तिच्या मैत्रिणींनी मग डबा वाटून खाताना तिला गव्हाचं काही दिलं नाही, मोठ्यांनी मात्र दिलं.

दूधही बंद करायला सांगितलंय. कायमचं का?

सहसा नाही. दुधातली साखर पचवणारा पाचकरस त्या लवेच्या टोकांवर तयार होतो. लव झिजली की तोही कमी पडतो, म्हणून दूध प्यायलं की गुबारा धरतो, जुलाब होतात. लव भरून आली की काही महिन्यांत दूध पुन्हा सोसू लागतं. तोवर ताक, दही बहुतेकांना चालतं.

टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचे काही विकार सिलिॲकच्या जोडीने येतात. मधुमेह असेल तर ग्लुटेन नाही म्हणून साबुदाणा आणि पांढरा भात भरपूर, असं करू नका; साखर चढते. ज्वारी-बाजरी, कडधान्यं आणि भाज्या यांवर भर हवा, आणि दोन्ही पथ्यं एकत्र बसवून देणारा आहारतज्ज्ञ हवा.

लेबलवर काय बघायचं?

आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. "लो ग्लुटेन" म्हणजे २० ते १००; ते आपल्यासाठी नाही. पाकीटबंद पदार्थावर ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत करणं बंधनकारक आहे, ती ओळ आधी वाचा. सुटा माल, घरगुती बचतगटाचा खाऊ यांवर लेबल नसतं, तिथे विचारावंच लागतं. अमेरिकेतल्या मंडळींनी लक्षात ठेवावं: तिथल्या ॲलर्जीच्या यादीत गहू येतो, जव येत नाही, म्हणून "माल्ट" हा शब्द घटकांच्या यादीत स्वतः शोधायचा. विमानात ग्लुटेन-फ्री जेवण किमान दोन दिवस आधी नोंदवा, आणि तरी दशम्यांचा डबा बरोबर ठेवा, ज्वारीच्या.

यावर औषध आहे का? कोणी मुळापासून बरं करतो म्हणालं.

आज तरी पथ्य हाच उपचार आहे. सिलिॲक मुळापासून घालवणारं औषध कुठल्याही पॅथीत नाही. "गोळी घ्या आणि पोळी खा" म्हणणाऱ्या पाचक गोळ्यांनी संरक्षण मिळत नाही. लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२, फॉलिक ॲसिड कमी असेल तर ते डॉक्टर भरून काढतात. इतर कुठलीही गोळी किंवा काढा घेताना त्यात गव्हाचा स्टार्च किंवा जव नाही ना, ते औषधवाल्याकडून खात्री करून घ्या.

लग्न ठरवताना सांगायचं का?

सांगायचं. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच. लपवून लग्न झालेल्या मुलींचे फोन मला येतात. सासरी पहिल्या दिवसापासून पोळ्या लाटायच्या, खायच्या, आणि रात्री पोट धरून झोपायचं. वर्षभरात वजन उतरतं, हिमोग्लोबिन उतरतं, गर्भ राहत नाही, आणि मग दोष तिलाच. पथ्य सांभाळणारी मुलगी किंवा मुलगा निरोगी आयुष्य जगतो, मुलंबाळं होतात. हे ऐकून जे घर मागे हटेल, ते हिंगाची डबी बदलणार नव्हतंच.

चुकून खाल्लं गेलं. आता?

उतारा नाही. पाणी, ताक, भाताची पेज, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर डॉक्टर. "आज मोडलंच आहे, तर अजून थोडं" असं मात्र करू नका, आणि मुलाला रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते सांगत नाही.

आतडं भरून येतंय हे कसं कळतं? आणि धाकट्याचीही तपासणी करायची का?

सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीटीजीची तपासणी. लहान मुलांत सुधारणा लवकर दिसते, मोठ्यांत आतडं पूर्ण भरायला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. आकडा खाली येत नसेल तर पुन्हा हिंग, गिरणी, भाजणी असं एकेक तपासत जा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आणि हो, भावंडं आणि आई-वडील सगळ्यांची तपासणी करा, त्रास असो वा नसो. सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण सात-आठ टक्के असते, म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी जास्त. आमच्याकडे मुलीनंतर माझीच तपासणी होकारार्थी आली. बाळंतपणापासून मी लोहाच्या गोळ्या खात होते.